पितांबरनानांची आखूड काठी

उन्हाळ्यात वरणगावकडे दिवस दोनदा उजाडतो. एकदा गारव्यात आणि मग लगेच भट्टीत. मधे जो तेवढा वेळ सापडतो, त्यात माणसानं आपलं काम उरकून घ्यायचं. नंतर सायकलच्या सीटवर बसवत नाही, नळाच्या तोटीला हात लावता येत नाही आणि कुत्रीसुद्धा मोरीतून बाहेर येत नाहीत.

कारखान्याच्या वसाहतीत त्या गारव्याच्या वेळात दोन कामं शेजारी शेजारी चालायची. एक पितांबरनानांचं, दुसरं बायकांचं.

नाना कारखान्याच्या अग्निशामक दलात होते. माणूस धुळे जिल्ह्यातला, शिंदखेड्याकडचा. अंगानं आडवा, हात उखळाच्या मुसळासारखे. भरतीच्या वेळी त्यांना पाण्यानं भरलेला होज पाइप खांद्यावर घेऊन पळायला सांगितलं होतं. नाना पळाले, आणि होजचं दुसरं टोक धरून उभा असलेला माणूसही त्यांच्या मागे फरफटत गेला, अशी गोष्ट दलात सांगत. खरी किती, खोटी किती, नाना काही बोलायचे नाहीत. पण ती कोणी सांगायला लागलं की उठूनही जायचे नाहीत.

उन्हाळ्यात आग लागली नाही तर दलाच्या टँकरनं झाडांना पाणी घालायचं काम असे. ती झाडं होती साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर. मैदान म्हणजे आपलं नावाला. पिवळं वाळकं गवत, मधे मधे कडुनिंब, बाभळीचे काटे. जिथं बॉल शेवटी भोकात घालायचा तिथं हिरवळ नव्हती. वाळूत जळकं तेल कालवून ती चोपून बसवलेली. त्या वर्षी वसाहतीत केबल नवी आली होती. तिच्यावर परदेशातली हिरवीगार मैदानं बघून नानांची मुलगी कला एकदा म्हणाली होती, "नाना, तुम्ही खेळता ते हेच का?" नाना म्हणाले, "हाऊच खेळ शे. त्यासना पानी जास्त शे, इतलंच."

फार वर्षांपूर्वी एका साहेबांनी पाणी घालणाऱ्या गड्यांना मुभा दिली होती, की साहेब लोक यायच्या आधी तुम्हीही दोन हात मारा. बाकीच्यांनी चार दिवस मारले आणि कंटाळले. राहिले दोघं. एक पितांबरनाना, दुसरा भटू. भटू दलातच गाडी चालवायचा. तो खेळायला यायचा की नानांना टोचायला, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

या खेळात पहिला टोला सगळ्यात लांब काठीनं मारतात. तिला ड्रायव्हर म्हणतात. जमिनीत बोटाएवढी लाकडी खुंटी रोवायची, तिच्यावर बॉल ठेवायचा आणि हाणायचा. त्या खुंटीला आणि जिथून मारायचं त्या जागेलाही टी म्हणतात. नानांचा हा पहिला टोला वसाहतीत प्रसिद्ध होता. आवाज असा यायचा की निंबावरचे पोपट उडायचे. बॉल दिसेनासा व्हायचा. साहेब लोकांमधला तरणाबांड गडीही तिथवर पोचायचा नाही.

फक्त एक होतं. बॉल निघायचा सरळ, आणि मग वर गेल्यावर, दिवसभर जुंपलेला बैल घराच्या वाटेला वळावा तसा, आपोआप उजवीकडे वळायचा.

आणि उजवीकडे बायका होत्या.

तिथं पूर्वी एक शेड होती. ती पाडली, पण तिची सिमेंटची फरशी तशीच राहिली. सपाट, मोठी, धूळ नाही, आणि ऊन धरून ठेवणारी. बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, याहून चांगली जागा सगळ्या तालुक्यात नव्हती. भिजवून भरडलेल्या ज्वारीचा लसूण, तीळ आणि मिरची घालून घाटा शिजवायचा, फरशीवर ओली धोतरं अंथरायची, आणि घाटा गरम आहे तोवर पाण्याच्या हातानं त्यावर थापत जायचं. ऊन चढायच्या आत थापून झालं पाहिजे. एकटीचं काम नव्हे ते. म्हणून आज हिच्या घरचे, उद्या तिच्या. आठ-दहा जणी ओळीनं बसायच्या. हात चालायचे आणि हातापेक्षा तोंडं.

फरशी पहिल्या टीपासून इतकी दूर होती की दुसऱ्या कोणाचा बॉल तिथं कधी जातच नसे. जायचा तो नानांचाच. वर्षातून तीन-चारदा एखादा बॉल धोतराच्या कडेला येऊन पडायचा, बायका "वं माय, उना वं नानाना बॉल!" म्हणून हसायच्या आणि तो मिरच्यांच्या टोपलीत टाकून ठेवायच्या. संध्याकाळी नाना मुकाट्यानं घेऊन जायचे. खरं सांगायचं तर त्यांना त्याचं थोडं कौतुकच वाटायचं. इतक्या लांब जातो म्हणजे काय!

त्या वर्षी मात्र हसण्यावारी गेलं नाही.

झुंबरबाईंच्या घरचे बिबडे चालले होते. झुंबरबाई म्हणजे गल्लीतली मोठी बाई. धुळ्याकडचीच. नाना तिला अक्का म्हणत आणि ती म्हणेल ते गल्लीत चाले. नानांचा बॉल वळला तो थेट घाट्याच्या घमेल्यात. घाटा उकळता होता. तो उडाला आणि शेजारी थापत बसलेल्या ताईबाईच्या मनगटावर बसला. ताईबाई किंचाळली. बायकांनी तिचा हात पाण्यात घातला, कोणी कोरफड आणायला पळाली.

नाना टीवरून धावत आले तेव्हा हातात काठी तशीच होती. झुंबरबाई उठून उभी राहिली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत घाट्यानं माखलेले.

"नाना, हात व्हता म्हनी भागनं," ती म्हणाली. "डोकं राहतं तं?"

ताईबाईच्या मनगटावर रुपयाएवढा फोड उठला होता. तिकडेच नाना बघत राहिले.

"मंग आयका. जोवर हाई काठी चालू शे, तोवर आमना एक बी हात तुमना घर लागाव नही."

म्हणजे काय, ते तिथं बसलेल्या प्रत्येकीला कळलं. नानांची कला ज्येष्ठात लग्न होऊन धुळ्याला नांदायला जाणार होती. तिच्याबरोबर बिबड्यांची, पापडांची, कुरडयांची टोपली जायची. टोपली घरच्या हातची असायची, गल्लीच्या हातची असायची. नानांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, एवढी वर्षं सगळ्यांच्या घरी बसून थापलं होतं ते याच उन्हाळ्यासाठी.

घरी कला म्हणाली, "आई, जळगावला मिळतात गं तयार. आणू आपण."

सुमनबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पोरीनं वाक्य परत घेतलं. "इकतना बिबडा? धुयाना लोक काय म्हनतीन? पोरले माय नव्हती का गल्ली नव्हती?"

नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी काठ्यांची बॅग आत नेऊन पलंगाखाली सरकवली. "सोडी दिधं," एवढंच म्हणाले. आणि मग जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. भाकरी मोडली, वरण ओतलं, आणि मिठाच्या वाटीतच बोट फिरवत बसले.

भटूनं संध्याकाळी येऊन तोड सांगितली. पहिली टी सोडायची आणि दुसरीपासून खेळायला लागायचं. तिथून फरशी मागे राहते.

"चोरनागत?" नाना म्हणाले. "मांघला दरवाजाथीन घुसू?"

"मंग बसा घर. दूरदर्शनवर शेतकऱ्याना कार्यक्रम देखा."

सुमनबाई आतून हे ऐकत होत्या. नवऱ्याच्या खेळाबद्दल त्या कधी बरं बोलल्या नव्हत्या. गवतात काठ्या फिरवायला पहाटे उठणाऱ्या माणसाबद्दल बाई बोलणार तरी काय? पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतः नानांना घेऊन झुंबरबाईंच्या ओट्यावर गेल्या. तिथं चार-पाच जणी बसल्या होत्या, फडक्यानं हात बांधलेली ताईबाईही होती. सुमनबाई आधी ताईबाईजवळ बसल्या, फोड बघितला, आणि मग झुंबरबाईंना म्हणाल्या,

"अक्का, हाऊ माणूस दारू नही पेस, पत्ता नही खेळस. आख्खा दिनमा सकायले एक काठी हालावस. ती बी काढी लिधी तं मन्हा मांघे लागी. दिनभर घरमा बसी आन कांदा कसा चिरना ते माले शिकाडी."

बायका हसल्या. ताईबाईही हसली. झुंबरबाई हसली नाही, पण तिनं पाट पुढे सरकवला.

"काठी हालावू दे वं. आमनं काय जास? पन बॉल आठे नको येवाले."

"नही येवाव," नाना म्हणाले.

"तुमना शब्दवर बॉल चालस का, नाना? बॉल तं त्याना मनना राजा."

शेवटी ठरलं ते असं. येत्या रविवारी सकाळी बायका नेहमीप्रमाणे फरशीवर बिबडे घालतील. एकही धोतर हलवायचं नाही. नानांनी पहिल्या टीवरून ड्रायव्हरनं एक बॉल मारायचा. फरशीकडे वळला तर काठी कायमची बंद. नाही वळला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या सुमनच्या घरी.

"एकच बॉल," झुंबरबाई म्हणाली. "आन हाळू मारीन फसाडनं नही. ती मोठी काठीच पाह्यजे."

आता नानांच्या हातात आठवड्यापेक्षा कमी वेळ होता आणि जुना ड्रायव्हर. तो लाकडी डोक्याचा, कोणी टाकून दिलेला, नानांनी दोरा गुंडाळून जगवलेला. त्यानं सरळ मारायचं म्हणून नाना डावीकडे तोंड करून उभे राहिले, तर बॉल आणखीच उजवीकडे वळायला लागला. उलट दिशेला जितकं बघावं तितका तो हट्टानं फरशीकडे जाई. भटू म्हणाला, "त्याले लसूणना वास येस."

त्याच आठवड्यात एका साहेबांची बदली झाली होती. बदली झाली की साहेब लोक सामान काढतात. कूलर, खाटा, कुंड्या, मुलांची सायकल, सगळं व्हरांड्यात मांडलेलं असतं आणि वसाहत बघायला येते. नाना खाटांकडे न बघता सरळ कोपऱ्यातल्या बॅगेकडे गेले. तिच्यात दोन ड्रायव्हर होते.

एक नवा. धातूचा, काळा चकचकीत, डोकं नारळाएवढं, दांडा उंच. मैदानावर सगळे साहेब आता अशीच काठी आणायला लागले होते. दुसरा त्याच्यापुढे अगदीच बापडा. धातूचाच, पण डोकं मुठीत मावेल एवढं, आणि दांडा चांगला चार बोटं आखूड.

"हा मोठा घ्या, पितांबर," साहेब म्हणाले. "तुमच्या अंगात जोर आहे. याच्यानं मारलात तर बॉल नदीत जाईल."

"आन हाऊ लहाना कोनाना शे, साहेब? बाईसाहेबना?"

साहेब जरा हसले. आत बघून आवाज खाली आणून म्हणाले, "माझाच आहे. सरळ जातो याच्यानं. पण लोक हसतात हो, म्हणून बॅगेतून काढत नाही."

"मंग मोठ्याघाई सरळ जास का?"

"कधी कधी," साहेब म्हणाले.

नानांच्या डोक्यात ते 'कधी कधी' बसलं. साहेबांनी दोन्ही काठ्या दिल्या. शनिवारपर्यंत मारून बघा, पटेल ती ठेवा, दुसरी आणून द्या. सामान अजून बांधायचं होतं, त्यांना घाई नव्हती.

संध्याकाळी फायर स्टेशनच्या मागे, जिथं होज वाळत घालतात तिथं, नाना आणि भटू उभे राहिले. समोर मोकळं शेत होतं, कापूस निघून गेलेलं. नानांनी सुमनबाईंची रांगोळी चिमूटभर आणली होती. काठीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, त्यावर रांगोळी लावायची, की बॉल कुठं लागला त्याचा ठसा दिसतो. ही युक्ती त्यांना काठ्या देताना साहेबांनीच सांगितली होती.

आधी मोठी काठी. पहिलाच बॉल असा गेला की भटूनं टोपी काढली. शेत संपलं, बांध संपला, पलीकडल्या पाण्याच्या टाकीला लागून ठण्ण वाजलं.

"हाईच!" भटू ओरडला. "नाना, आते दुसरी कोनती काठी देखनीच नही!"

दुसरा बॉल उजवीकडे गेला. तिसरा त्याहून उजवीकडे. चौथा पुन्हा टाकीकडे. नानांनी काठी उलटी करून तोंड बघितलं. ठसे सगळीकडे होते. टाचेला, टोकाला, वर, खाली. पोराच्या अंगावर कांजिण्या उठाव्यात तसे. बॉल कुठंही लागला तरी ते मोठं डोकं त्याला पुढे ढकलायचं खरं, पण कुठं ढकलेल ते त्याच्या मर्जीवर.

मग लहान काठी. तिच्याशी पहिल्या दिवशी पटलंच नाही. दांडा आखूड, त्यामुळं नानांना वाकावं लागे. पहिल्यांदा काठी बॉलवरून नुसती फिरली आणि नाना भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरले. दुसऱ्यांदा बॉल बेडकासारखा चार उड्या मारून थांबला.

भटू होजच्या गुंडाळीवर बसून पोट धरून हसत होता. "नाना, हाई काठी नही, हाई रवी शे! ताक घुसळाले लई जा! सुमनवहिनी खूश व्हई!"

"हास. तुना बापना काय जास."

"मन्हा बापना काही नही जास, तुमनी इज्जत जास. फायरना गडी आन हातमा पळी!"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नाना दिवसपाळी करून दमून आले होते. मॉक ड्रिल झालं होतं, खांदे भरून आले होते. अंगात जोरच नव्हता म्हणून त्यांनी काठी नुसती मागे नेली आणि पुढे आणली. टक् असा लहानसा आवाज आला. हाताला काही कळलंच नाही. बॉल फार उंच गेला नाही, फार लांबही गेला नाही. पण शेताच्या मधोमध, दोरी धरल्यासारखा गेला.

नानांनी पुन्हा मारला. पुन्हा तसाच. काठी उलटी करून बघितलं तर दोन्ही ठसे एकमेकांवर, जणू एकच.

त्यांच्या मनात वडिलांची कुऱ्हाड आली. वडील बाभूळ तोडायला लांब दांड्याची घ्यायचे आणि ढलपी काढायला आखूड दांड्याची. लांब दांडा जोर देतो, पण पातं डोळ्यापासून दूर जातं. आखूड दांड्याला डोळा सोडत नाही. एवढी साधी गोष्ट होती, आणि त्यांनी आयुष्यभर लांब दांड्यानंच ढलप्या काढल्या होत्या.

त्यांनी त्या संध्याकाळी टोपलीभर बॉल मारले. एखाददुसरा चुकला, कारण लहान डोक्याला चूक चालत नाही. जरा बाजूला लागला की बॉल तिथंच मरायचा. पण मरायचा समोरच. उजवीकडे पळायला त्याच्यात जीवच उरायचा नाही.

भटू हसायचा थांबला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "सरळ जास खरं. पन नाना, कितला मांघे पडस देखा! मोठ्याना निम्मा."

"निम्मा नही. निम्मावरथीन जास्त."

"लोक काय म्हनतीन? नानाना हात गया."

बॉल गोळा करताना नाना पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले. मोठ्या काठीचा तो एक बॉल टाकीच्या पायाशी पडला होता. तो त्यांनी उचलून सदऱ्याला पुसला, जरा हातात ठेवला आणि मग टोपलीत टाकला.

शनिवारी मोठी काठी परत द्यायची होती. ती दिली नाही. साहेबांना निरोप पाठवला, उद्यापर्यंत असू द्या. सुमनबाईंनी दोन्ही काठ्या दाराशी बघितल्या आणि काही विचारलं नाही. कलाच म्हणाली, "नाना, उद्या कुठली?" नाना म्हणाले, "सकाय देखसूत." पण त्यांचं त्यांनाच कळत होतं. सगळी वसाहत बघायला येणार. आख्ख्या वसाहतीपुढे, कदाचित आयुष्यातला शेवटचा म्हणून, एक टोला मारायचा, आणि तो मारायचा पळीनं?

रविवारी वारा पश्चिमेचा होता. म्हणजे डावीकडून येऊन फरशीकडे जाणारा. भटूनं बोट ओलं करून वर धरलं आणि तोंड वाकडं केलं.

फरशीवर बायकांनी शब्द पाळला होता. सगळी धोतरं अंथरलेली, ओळीनं बिबडे थापलेले, उन्हात ओले चमकत होते. मात्र आज कोणी खाली मान घालून बसलं नव्हतं. ताईबाईनं डोक्यावर परात धरली होती. एकीनं सूप तोंडापुढे घेतलं होतं, एक जण उघडी छत्री आडवी करून तिच्यामागे उकिडवी बसली होती. झुंबरबाई मात्र मोकळ्या डोक्यानं, कमरेवर हात देऊन मधोमध उभी होती. सुमनबाई तिच्या शेजारी. दलातली पोरं टीमागे जमली होती. रात्रपाळी सुटलेलेही होते.

"मोठी लई ल्या, नाना," भटू हळूच म्हणाला. आज त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "एकच तं मारनी शे. लागनी तं लागनी. जावानं शे तं वाजाडीन जा. लोके नाव काढतीन."

नानांनी मोठी काठी उचलली. तिचं वजन हाताला बरं वाटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आता बघा रे!" त्यांनी ती एकदा हवेत फिरवली. व्हूं करून आवाज झाला आणि पोरांनी माना डोलावल्या.

मग त्यांनी फरशीकडे बघितलं. परात घातलेल्या ताईबाईचा फडकं बांधलेला हात दिसत होता. परात धरायला तिनं दुखरा हातच वर केला होता.

नानांनी मोठी काठी भटूच्या हातात दिली आणि लहान घेतली. तीही ड्रायव्हरच होती.

मागे खसखस पिकली. "नाना, बाकीनी कोठे ऱ्हायनी?" कोणीतरी विचारलं. नाना वाकले, खुंटी रोवली, नेहमीपेक्षा खोल. बॉल ठेवला. खांदे सैल सोडले. काठी मागे नेली, आणि जितकी न्यावीशी वाटली तितकी नेली नाही.

टक्.

बॉल खालून गेला, वाऱ्यानं त्याला जरासं ढकललं, पण तो ढळला नाही. मधोमध पडला, घरंगळला आणि वाळक्या गवतात थांबला. नानांच्या जुन्या बॉलच्या मानानं अगदी अंगणात.

कोणी टाळी वाजवली नाही. पोरं पुढचं काहीतरी होईल म्हणून बघत होती. फरशीवरही सगळ्या जणी आभाळाकडे तोंड करून तशाच थांबल्या होत्या. परात तशीच, सूप तसंच. बऱ्याच वेळानं झुंबरबाई ओरडली,

"मारा वो नाना! आमना बिबडा सुकाई चालनात!"

"मारी दिधा, अक्का!" भटू ओरडला.

"कवय? गया कोठे?"

भटूनं बोट दाखवलं. झुंबरबाई डोळ्यांवर हात धरून बघू लागली. तो पांढरा ठिपका तिला सुमनबाईंनी दाखवला तेव्हा दिसला. तिनं कपाळावर हात मारला.

"व माय! इतलंच मारनं व्हतं, तं इतला साल काबरं लोकेसना जीव खादा?"

फरशीवर जो हशा उठला तो टीपर्यंत आला. ताईबाईच्या डोक्यावरची परात खाली पडून वाजली. नानाही हसले. हसता हसता त्यांनी काठीचं तोंड अंगठ्यानं पुसलं.

मग भटूनं आपल्या जुन्या काठीनं आपला बॉल मारला. तो वाकडातिकडा गेला, निंबाच्या फांदीला घासून खाली आला आणि नानांच्या बॉलच्या पुढे जाऊन पडला. दोघं इतकी वर्षं खेळत होते, पण असं कधी झालं नव्हतं. भटूनं छाती काढली.

"आजथीन माले भाऊ म्हनानं, नाना."

"म्हनसू," नाना म्हणाले. "आधी तुना बॉल काटामाईन काढ."

ते दोघं चालत निघाले. चालताना नानांची नजर एकदा लांब, जिथं त्यांचा बॉल एरवी जायचा तिकडे गेली. पोपट निंबावर बसून होते, उडाले नव्हते. नानांचा दुसरा टोला आधी होता, कारण त्यांचा बॉल मागे होता. मागच्यानं आधी मारायचं, असा त्या खेळाचा नियम आहे. एवढ्या वर्षांत नानांना तो नियम कधी लागू पडला नव्हता.

खेळ आटपून, मोठी काठी साहेबांकडे पोचवून नाना घरी आले तेव्हा ऊन चढलं होतं. मागच्या खोलीत, पंख्याखाली, जुन्या लुगड्यावर ज्वारी पसरलेली होती. भिजून फुगलेली, आता सुकत आलेली, आंबूस वासाची. ज्वारी अशी व्हायला दोन-तीन दिवस आधी भिजत घालावी लागते, हे नानांनाही माहीत होतं. ते दारात थांबले.

"कवय भिजाडी?"

"बेस्तवारले. तीन दिन व्हयनात," सुमनबाई म्हणाल्या. त्या लुगड्याचा काठ झटकत होत्या.

"तवय तं काहीच ठरेल नव्हतं. बॉल फरशीवर जाता तं?"

"जाता तं काठी मोडीन चुल्हामा घालती. ज्वारी काय वाया जाती?" त्यांनी वर बघितलं. "आन तुम्ही ती लहानी काठी घेशात, हाई माले मालूम व्हतं."

"कसं काय?"

"तीन दिनथीन जेवताना मीठवर बोट नही फिरावनात."

सुमनबाईंनी ज्वारी दोन्ही हातांनी गोळा करून पिशवीत भरली, तोंड बांधलं आणि पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

"सकाय बठ्ठ्या जनी येतीन. भरड काढी आना, पीठ नको. गिरणीवालाले दोनदा सांगा, तो गप्पासमा बारीक करी टाकस."

नानांनी पिशवी उचलली, बाहेर नेऊन सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. रबरी पट्टा ताणून आडवा बांधला, पिशवी हलवून बघितली, एका बाजूला कलत होती म्हणून सोडून पुन्हा बांधली. सीट तापली होती, तिच्यावर टॉवेलची घडी घातली. आणि गिरणीवर रांग वाढायच्या आत पोचायचं म्हणून गल्लीतून भराभर पायडल मारत निघाले.